जत्रेच्या मैदानांवर जगणाऱ्या पैलवानाची कारकीर्द: धाकट्या भावाला काय सांगावे?

कृष्णाकाठ

माझा धाकटा भाऊ गेली ६ वर्षे कोल्हापुरातील एका तालमीत राहतो. त्याचे वय २१ असून वजन ८६ किलोच्या आसपास आहे. घरी दीड एकर ऊस आणि दोन म्हशी आहेत आणि त्याच्या खुराकाचा बहुतेक भार आजवर आम्हीच उचलला आहे. मागील हंगामात त्याने सांगली, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांत मिळून २२ मैदाने केली आणि त्यांपैकी १३ कुस्त्या चीतपट जिंकल्या. आता पोलीस भरतीची तयारी सोडून द्यायची, कोणाच्या पगारावर किंवा साखर कारखान्याच्या मानधनावर राहायचे नाही आणि ज्या गावचे बोलावणे येईल तिथे लढून स्वतःच्या हिमतीवर जगायचे, असे त्याने ठरवले आहे.

कुस्तीला माझा विरोध नाही. आमच्या आजोबांच्या फेट्याला अजून घरात मान आहे. परंतु अशा पैलवानाचे इनाम नेमके कसे ठरते, वर्षभराचा मेळ कसा बसतो आणि ही कारकीर्द किती वर्षे टिकते, हे मला कोणी नीट सांगितलेले नाही. तालमीत विचारले की "नाव झाले की सगळे होते" एवढेच उत्तर मिळते. ज्यांनी हे आयुष्य स्वतः काढले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तांबडी माती

बंधू, मी सलग १४ हंगाम मैदाने केली आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर २०१५ साली लंगोट खुंटीला टांगला, म्हणून जे भोगले आणि जे कमावले तेच लिहितो.

पैलवानाची किंमत गावाच्या मैदानात दोन ठिकाणी ठरते. पहिले ठिकाण म्हणजे जाहिरातीचा फलक. दुपारी लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी मैदान सुरू होते, मग शेकड्यांच्या इनामाच्या कुस्त्या होतात आणि ऊन कलल्यावर नेमलेल्या कुस्त्या लागतात, ज्यांची छायाचित्रे महिनाभर आधी फलकावर झळकलेली असतात. शेवटची कुस्ती एक नंबरची, तिच्या आधीची दोन नंबरची, अशी उतरंड असते. तुमचा भाऊ फलकावर कितव्या नंबरला आहे, यावर त्याचे इनाम ठरते, आणि एक नंबर व चार नंबर यांच्या इनामात मोठी दरी असते. दुसरे ठिकाण म्हणजे जत्रा कमिटी आणि वस्ताद यांच्यातील बोलणी. जोड कोणाशी लावायची, हे तिथे ठरते. आपण स्वतंत्र आहोत असे पैलवान कितीही म्हणाला, तरी वस्तादांच्या शब्दाशिवाय त्याची काटा जोड, म्हणजे तुल्यबळ पैलवानाशी कुस्ती, लागत नाही, कारण कमिटी वस्तादांना ओळखते, पोराला नंतर.

इनामाचा आकडा लाउडस्पीकरवर पुकारला जातो, तो सगळा हातात येतो असे समजू नका. गाडीभाडे, सोबत आलेल्या दोघा जोडीदारांचे जेवण, मालिश करणाऱ्याचे पैसे आणि तालमीचा वाटा हे त्यातूनच द्यावे लागते. कुस्ती बरोबरीत सुटली, तर इनाम निम्मे होते.

एक प्रसंग सांगतो. माण तालुक्यातील एका गावात मी दोन नंबरच्या कुस्तीला होतो. समोरचा पैलवान माझ्याहून १५ किलोंनी जड होता आणि तो पहिल्या खडाखडीतच मानेवर वजन टाकून मला खाली बसवू पाहत होता. वीस मिनिटे झाली. हलगीवाला वाजवून वाजवून घामाने निथळत होता आणि माझ्या पायाखालची माती पाण्यासारखी सरकू लागली होती. त्याने दम घेण्यासाठी डावा हात जरा सैल सोडला, तेवढ्यात मी तो बगलेत कोंडून ढाक हा डाव लावला आणि त्याची पाठ जमिनीला टेकली. लोकांनी मला खांद्यावर घेतले, दोघांनी फेटे बांधले आणि पाच-पन्नास रुपयांच्या नोटा हातात कोंबणाऱ्यांची रांग लागली. रात्री मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर पाकीट उघडले, तेव्हा त्यात ठरलेल्या इनामाच्या दोनतृतीयांश रक्कम होती. वर्गणी कमी जमली, असे कमिटीने सांगितले. कागदावर काहीच नव्हते, त्यामुळे भांडायचे तरी कशाच्या जोरावर? त्या दिवसापासून मी निम्मी रक्कम हातात पडल्याशिवाय लांघ मारली नाही, म्हणजे कुस्तीला उतरलो नाही. तुमच्या भावाने हे पहिल्या हंगामापासूनच करावे.

हंगामाचे गणित मात्र कोणाच्या हातात नाही. दिवाळीनंतर मैदाने सुरू होतात, चैत्रात त्यांची एवढी गर्दी होते की एकाच दिवशी दोन गावांचे बोलावणे येते, आणि वैशाख सरला की सगळे थंड. पावसाळ्याचे चार महिने येणे काही नाही, पण पोट तर थांबत नाही; उलट मेहनत त्याच दिवसांत वाढते. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी चैत्रातच जत्रा बंद राहिल्या. नावाजलेली पोरे त्या काळात गावी परतून शेतात राबली, काहींनी टेंपो चालवला. पगार नसलेल्या पैलवानाला त्या दोन वर्षांनी जे शिकवले, ते विसरू नये.

कारकिर्दीचे वय विचाराल, तर विसाव्यापासून तिसाव्यापर्यंत. त्यातील खरी कमाईची वर्षे पाच किंवा सहा.

निवृत्त क्रीडाशिक्षक

वर लिहिलेले सर्व मान्य आहे, परंतु एक बाजू राहून गेली आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

जत्रेतील कुस्तीला शासनाच्या दफ्तरी जागा नाही. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतील प्रमाणपत्र लागते आणि त्याची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. तुमच्या भावाने जिंकलेल्या त्या १३ कुस्त्या, चांदीच्या ढाली आणि फेटे त्या पडताळणीच्या टेबलावर ठेवता येणार नाहीत. माझ्या हाताखालून गेलेल्या एका गुणी मुलाने आठ वर्षे मैदाने गाजवली आणि भरतीचा अर्ज भरताना त्याच्याकडे एकही ग्राह्य कागद निघाला नाही. तो अर्ज भरायला मीच त्याच्या शेजारी बसलो होतो आणि ही गोष्ट त्याला आठ वर्षे आधी सांगायला हवी होती, याची खंत मला आजही आहे.

नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ आणि विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ अशी सलग तीन-तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली आणि दोघेही पोलीस उपअधीक्षक झाले. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा साऱ्या कऱ्हाड परिसराने त्यांची मिरवणूक काढली, तरीही पोलीस खात्यात उपनिरीक्षक होण्यासाठी १९५५ साल उजाडावे लागले. ऑलिंपिक पदकविजेत्यालाही नोकरीची गरज पडली, हे लक्षात घेतले, तर २१ वर्षांच्या मुलाने भरतीची तयारी सोडणे मला धोक्याचे वाटते.

मैदानी कुस्ती सोडावी, असे मी मुळीच म्हणत नाही. मातीत घडलेला मल्ल गादीवर, म्हणजे मॅटवर, चालत नाही, हा समज चुकीचा आहे. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचे गणपतराव आंदळकर आणि कवठे पिरानचे मारुती माने हे दोघेही मातीतलेच, आणि १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून दोघांनीही सुवर्ण आणि रौप्य अशी दोन-दोन पदके आणली. मात्र गादीचा सराव वेगळा करावा लागतो. तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि गुण मोजले जातात. मातीत वीस मिनिटे दम धरून संधीची वाट पाहणारा पैलवान गादीवर पहिल्या मिनिटातच पट, म्हणजे पाय पकडण्याची संधी, देऊन बसतो आणि ते गुण भरून काढायला त्याच्याकडे वेळ उरत नाही.

वजनाचाही विचार करा. महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १३० किलोंचा आहे, म्हणजे तुमचा भाऊ त्या गटाच्या अगदी उंबरठ्यावर आहे. जत्रेत तर वजनकाटाच नसतो आणि जोड नजरेने लावली जाते. सव्वाशे किलोच्या मल्लाखाली मान आणि गुडघे किती हंगाम टिकतील, हे वस्तादांना स्पष्ट विचारावे. मैदाने करावीत, पण दरवर्षी जिल्हा निवड चाचणीला उतरावे आणि वजन ८६ च्या आत ठेवून लढायचे की वाढवायचे, याचा निर्णय आत्ताच घ्यावा.

कृष्णाकाठ

आपण दोघांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. प्रमाणपत्राची गोष्ट आम्हाला खरोखरच ठाऊक नव्हती.

एक नाजूक गोष्ट विचारतो. येत्या चैत्रातील एका मैदानासाठी त्याला निरोप आला आहे की, अर्धा तास खेळून कुस्ती बरोबरीत सोडवावी. दोघांनाही पूर्ण इनाम मिळेल आणि दोघांचेही नाव शाबूत राहील. भाऊ म्हणतो की, परदेशातील टीव्हीवरच्या कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो आणि तिथले स्वतंत्र पैलवानही गावोगावी तसेच लढून पोट भरतात, मग आपण केले तर काय बिघडले? मला उत्तर सुचले नाही.

तांबडी माती

उत्तर सोपे आहे. तिकडच्या प्रेक्षकाला निकाल ठरलेला आहे हे माहीत असते. उंचावरून पडून स्वतःला आणि समोरच्याला न दुखावता खेळ रंगवणे, हे त्या पैलवानाचे कसब असते आणि लोक त्या कसबाचे पैसे देतात. तो धंदा प्रामाणिक आहे. आपल्याकडे ऊस तोडून आलेला माणूस वर्गणीचे पाचशे रुपये देतो, ते निकाल खरा आहे या विश्वासाने. त्याच्यासमोर नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली, कुस्ती करणे म्हणजे त्याच्या खिशात हात घालणे आहे.

धंद्याच्या दृष्टीनेही ते परवडत नाही. मैदानाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांनी पन्नास वर्षे कुस्त्या पाहिलेल्या असतात. हात कुठे ढिला पडला आणि पट हातात येऊन का सोडला, हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळते. लढून हरलेल्याला ते पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतात, अंगचोरी करणाऱ्याचे नाव कमिटी वहीतून काढून टाकते. मी एकदा हे केले होते. पैसे मिळाले, पण त्या पट्ट्यातील चार गावांची बोलावणी पुढे कायमची थांबली. त्यातल्या एका गावात माझी मावशी राहते आणि तिला लोकांनी तोंडावर विचारले, हे मला जास्त लागले.

आलेला निरोप वस्तादांच्या कानावर घाला आणि त्याच पैलवानाशी निकाली कुस्ती मागा. हरला तरी चालेल.

पैलवानाच्या घरातून

मी कुस्ती खेळलेले नाही, पण लग्नानंतरची ११ वर्षे घरातल्या पैलवानाच्या खुराकाची वही मी लिहिली, म्हणून दोन गोष्टी सांगते.

रोज तीन लिटर म्हशीचे दूध, महिन्याला दीड किलो बदाम, चार किलो तूप, आठवड्यातून तीनदा मटण, शिवाय फळे आणि थंडाईचा मसाला. आजच्या बाजारभावाने हे २० हजारांच्या खाली बसत नाही, आणि ते बाराही महिने. हंगामात घरी आलेल्या पैशांतून मी आधी पावसाळ्याच्या चार महिन्यांचे बाजूला काढत असे आणि उरेल तीच कमाई धरत असे. दादा, तुमच्या म्हशींचे दूध घरचे म्हणून हिशेबात धरलेले नसावे, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. ते डेअरीला घातले असते तर काय मिळाले असते, ते मांडून पाहा. आजवर या कारकिर्दीत सर्वांत जास्त पैसे तुम्ही घातले आहेत आणि ते तुमच्या भावालाही कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट दुखापतीची. पैलवान घरी दुखणे सांगत नाही. आमच्याकडे गुडघ्याची शीर तुटली आहे, हे मला तेव्हा कळले, जेव्हा ते जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय टेकवून मग डावा शेजारी आणू लागले. तोवर तसेच तीन महिने मैदाने झाली होती. वेळेवर उपचार झाले असते, तर आणखी चार हंगाम निघाले असते, असे डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रियेचा खर्च ना कोणत्या कमिटीने दिला ना तालमीने, आणि त्यांनी का द्यावा? त्यांचा आमच्याशी करार नव्हता. तुमचा भाऊ स्वतंत्र राहणार असेल, तर त्याच्या नावावर आरोग्य विमा आणि अपघात विमा आहे का, आणि त्यात कुस्तीतील दुखापत धरली जाते का, हे कागद वाचून तपासा.

पोलीस भरतीच्या धावण्याने पैलवानकी बुडते, असे तो म्हणत असेल, तर त्यात तथ्य आहे. एवढे वजन घेऊन धावण्याने गुडघे दुखतात. पण म्हणूनच शिक्षकांनी सांगितलेला खेळाडूंच्या आरक्षणाचा रस्ता त्याने आधी पाहावा.

कृष्णाकाठ

ताई, तुमचे वाचून काल संध्याकाळी तालमीत गेलो. दुधाचा हिशेब सहा वर्षांचा मांडून नेला होता. त्याने तो दोनदा वाचला आणि वही स्वतःजवळ ठेवून घेतली. बरोबरीचा निरोप त्याने माझ्यासमोरच वस्तादांना सांगितला. वस्ताद रागावले नाहीत, त्यांनी तिथूनच फोन करून निकाली कुस्ती नेमायला लावली. जिल्हा निवड चाचणीला तो उतरणार आहे. वजनाचे मात्र अजून ठरलेले नाही, वस्ताद वाढवावे म्हणतात आणि मला ते पटत नाही.

निघताना तो मला सोडायला खाली आला, तेव्हा मी मुद्दाम मागे थांबून त्याला जिना उतरताना पाहिले. डावा गुडघा दिवाळीपासून सुजतो आहे. सोमवारी एमआरआयसाठी वेळ घेतली आहे.