टोकियोत गाइडबरोबरची 'बार हॉपिंग' टूर: एकटीने घ्यावी का?

मुक्ता_ठाणे

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरमध्ये ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी टोकियोला जातेय. हॉटेल शिनागावाला आहे. ट्रेनिंग साडेपाचला संपतं, पुढची संध्याकाळ माझी. बरोबरचे दोघे सहकारी रूमवर जाऊन मॅगी खाणारे आहेत, त्यामुळे जे काय बघायचं ते एकटीलाच.

नेटवर दोन प्रकारच्या टूर दिसताहेत. एक 'पब क्रॉल', तीन हजार येन, रात्री आठला सुरू, तीन बार आणि शेवटी क्लब. दुसरी शिंजुकूच्या गल्ल्यांमधली, तेरा हजार येन, संध्याकाळी सहा ते नऊ, जास्तीत जास्त सात माणसं. एवढा फरक कशाचा? दारू तीच ना?

माझ्या अडचणी सांगून ठेवते. मी एखादी बिअर घेते, फार तर दीड. मासे-मटण खात नाही, अंडं चालतं. जपानी भाषेत 'अरिगातो'च्या पुढे गाडी जात नाही. आणि एकट्या बाईने रात्री असं फिरावं का, हे स्पष्ट सांगा. आईला 'सिटी टूर' एवढंच सांगितलंय.

सदू_पेठकर

दारूच्या दुकानापर्यंत पोचायला वाटाड्या लागतो आणि त्याला पैसेही मोजायचे, हे आज नव्याने कळलं. चालू द्या.

(आता उपयोगाचं: पासपोर्ट जवळ ठेवा. तिथे पर्यटकाने तो कायम बाळगायचा असा कायदाच आहे. दारूसाठी वय 20 पूर्ण लागतं. सज्ञान व्हायचं वय त्यांनी 2022 मध्ये 18 वर आणलं, पण दारूचं 20 च ठेवलं. तुम्ही नोकरीला आहात म्हणजे प्रश्न नसावा.)

तोझाई_लाइन

मुक्ता, तेरा हजारांची घे. मी टोकियोतच, निशिकासाईला राहते. पुण्याहून कुणी ना कुणी येतच असतं आणि येणाऱ्याला शिंजुकू हवंच असतं, त्यामुळे या विषयात माझा हात बसलाय.

दारू तीच, हे तुझं बरोबर आहे. फरक दाराचा आहे. गोल्डन गाई म्हणून जे फोटो तू पाहिले असशील, ते म्हणजे हानाझोनो देवळाच्या शेजारच्या सहा चिंचोळ्या गल्ल्या. त्यात दोनशेच्या वर बार आहेत. एकेका बारमध्ये पाच ते दहा स्टुलं, बस. स्टुलावर बसलेल्या माणसाच्या पाठीमागून आत जायचं तर त्याने पोट काउंटरला टेकवायचं आणि आपण भिंतीला. वरच्या मजल्यावरच्या बारचा जिना इतका उभा की उतरताना पावलं आडवी टाकावी लागतात. वीस जणांचा घोळका अशा जागी शिरणार कसा? म्हणून स्वस्त टूरवाले मोठ्या बारमध्ये नेतात. गर्दी आणून दिली म्हणून बारवाला त्यांना दर कमी लावतो, आणि तू त्याच्याकडे पुढचे ग्लास आपल्या पैशाने पितेस. तीन हजारांत बहुतेक वेळा एखादा स्वागताचा ग्लास, काही शॉट आणि क्लबचा प्रवेश एवढंच असतं.

गल्लीतल्या बारचं दार बंद असतं. आत कोण बसलंय दिसत नाही, दर दिसत नाही. काही ठिकाणी नेहमीच्या गिऱ्हाइकांखेरीज कुणाला घेतच नाहीत, आणि त्यात तुझा-माझा अपमान वगैरे काही नाही. सहा स्टुलांपैकी चारांवर वीस वर्षं तीच माणसं बसत असतील तर मालक तरी काय करील! चांगला गाइड मालकाला ओळखत असतो, आधी फोन करून जागा धरतो, गट मोठा असला तर दोन बारमध्ये वाटून देतो. तू त्याला पैसे देतेस ते यासाठी. शिवाय तो मध्ये बसून बोलणं जुळवून देतो. शेजारच्या स्टुलावरचे आजोबा तुला काहीतरी विचारतात, तू हसतेस, गाइड सांगतो की ते विचारताहेत भारतात थंडी पडते का. तिथून अर्धा तास मजेत जातो.

आता पैशाचा भाग, कारण इथेच लोक फसतात. जपानी दारूच्या ठिकाणी बसल्या बसल्या एक छोटी वाटी समोर येते, तिला ओतोशी म्हणतात. आपल्याकडच्या चकण्यासारखी दिसते, पण फुकट नसते. तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात, मागवली नसली तरी. गोल्डन गाईत याच्याऐवजी बसण्याचा चार्ज असतो, साधारण पाचशे ते दीड हजार, माणशी, दर बारला. तीन बार फिरलीस तर नुसत्या बसण्याचेच किती झाले बघ. टूर बुक करताना एकच प्रश्न विचार: ओतोशी आणि चार्ज धरून आहे का? आणि किती ग्लास धरलेत? उत्तर गोलमोल आलं तर दुसरी शोध. 2018 पासून इथे पैसे घेऊन गाइडचं काम करायला परवाना लागत नाही, म्हणजे कालच टोकियोत उतरलेला माणूसही आज गाइड होऊ शकतो. अभिप्राय वाचताना 'खूप धमाल आली' वगैरे सोडून दे. गाइडला बारवाले नावाने हाक मारत होते का, हे कुणी लिहिलंय का ते बघ.

टिप द्यायची पद्धत नाही, सुटे परत करायला मालक रस्त्यापर्यंत मागे येईल. रोख मात्र जवळ ठेव, बऱ्याच छोट्या जागी कार्ड चालत नाही.

खाण्याचं. या टूर बहुतेक शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेच्या ओमोइदे योकोचोपासून सुरू होतात. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उभी राहिलेली गल्ली, सगळा धूर आणि कोंबडीच्या सळ्या. तिथे शाकाहारी माणसाने 'काहीतरी मिळेलच' म्हणून जाऊ नये. मिळतं ते असं: एदामामे म्हणजे मीठ लावलेल्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, शिशितो नावाच्या बिनतिखट मिरच्या, शिताके मश्रूम, कांद्याची पात, शरद ऋतूत गिंको झाडाच्या बिया. यातलं सळीवर भाजलेलं काहीही मागवताना 'शिओ' म्हण, म्हणजे मीठ लावून. दुसरा पर्याय तारे, तो गोडसर सॉस. त्याच्या भांड्यात कोंबडीच्या सळ्या दिवसभर बुडवलेल्या असतात. गार तोफू निर्धास्तपणे मागवशील, तर त्यावर बोनिटो माशाचे लाकडाच्या भुश्शासारखे पापुद्रे पसरून येतील. 'कात्सुओबुशी नाशि दे' एवढं पाठ कर. जाळी मात्र एकच असते, कोंबडीची आणि मिरचीची. ते चालणार नसेल तर टूरच वेगळी शोधावी लागेल. आणि गाइडला आधी कळवताना नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नकोस. मासा नको, माशाचं पाणीही नको, अंडं चालेल, असं फोडून लिही. इथे मासा भाजीतच धरतात की काय, असं वाटण्याइतकं माशाचं पाणी सगळीकडे असतं.

दीड बिअरवालीसाठी एक धोक्याची सूचना. या गल्ल्यांमध्ये होप्पी नावाचं पेय हटकून मिळतं. 1948 पासूनचं आहे. एका बाटलीत बिअरसारखं दिसणारं पेय, त्यात अल्कोहोल जेमतेम 0.8 टक्के. शेजारी बर्फाचा ग्लास, त्यात आधीच ओतलेली शोचू ही कडक जपानी दारू, जी साधारण 25 टक्के असते. बाटलीतलं थोडं थोडं ग्लासात घालून प्यायचं. बाटली संपत नाही म्हणून माणूस नुसती शोचू पुन्हा भरून घेतो, तिला 'नाका' म्हणायचं. चव बिअरचीच लागते, त्यामुळे अंदाज साफ चुकतो. पुण्याचे भलेभले जिन्यावर बसलेले पाहिलेत.

नुसत्या पाण्यावर बसणं बरं दिसत नाही, दर बारला माणशी एक पेय मागवायचंच. पण ते दारूचं असलं पाहिजे असं अजिबात नाही. ऊलाँग चहा माग, जिंजर एल माग. बिअरच्या ग्लासातच येतो, कुणी ढुंकून बघत नाही.

केदार_का

मी पब क्रॉलच्या बाजूने दोन शब्द बोलतो, कारण कुणीच बोलत नाहीये. मी गेलो तो टोकियोतल्याच शिबुया भागातला होता. बार म्हणून काहीही खास नव्हते, म्युझिक कानठळ्या बसवणारं, जपानी माणूस फक्त काउंटरच्या पलीकडे. पण एकट्याने गेलेल्याला ओळखी करायला तो बरा. ब्राझीलचा एकजण, दोन कोरियन मुली आणि मी, दुसऱ्या दिवशी मिळून कामाकुराला गेलो. जपान बघायला नका जाऊ, माणसं भेटायला जा.

एक नियम माहीत असू द्या. एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये जाताना हातात कॅन घेऊन चालायची सवय या गटांना असते. शिबुया स्टेशनच्या परिसरात 1 ऑक्टोबर 2024 पासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच रस्त्यावर प्यायला बंदी आहे, बारा महिने. गस्तीवाले येऊन कॅन ओतून टाकायला लावतात. आमच्या गाइडने हे सांगितलंच नव्हतं.

मुक्ता_ठाणे

बाप रे, ताई, केवढं लिहिलंत! मनापासून आभार. केदार, पटलं, पण माझं वय आता कानठळ्यांचं नाही.

तोझाईताई, दोनच शंका राहिल्या. टूर नऊला संपली आणि मला अजून थोडं बसावंसं वाटलं, तर एकटी बसू शकते का? आणि शिनागावाला परत कसं, किती वाजेपर्यंत? गुरुवार आणि शुक्रवार दोन्ही मोकळे आहेत.

सदू_पेठकर

दीड बिअरच्या बोलीवर आलेल्या बाई नऊनंतर बसायचं विचारताहेत. होप्पी इथपर्यंत पोचली म्हणायची.

तोझाई_लाइन

सदूभाऊ, तुम्ही या एकदा, तुम्हाला गाइडशिवाय सोडते.

मुक्ता, बसू शकतेस, पण कुठे ते टूरमध्येच ठरवून ठेव. ज्या बारमध्ये गाइडबरोबर गेलीस आणि मालकाशी किंवा मालकिणीशी दोन वाक्यं झाली, तिथेच परत जा. गोल्डन गाईत एकट्याच बाईने चालवलेले बार बरेच आहेत आणि एकट्या येणाऱ्या बायकाही असतात, कुणाला नवल वाटत नाही. काही बारच्या दारावर इंग्रजीत दर लावलेले असतात, चार्ज नाही अशीही पाटी असते. तीही बरी. गल्लीत फोटो काढायला परवानगी लागते, ती पाटीही वाच.

रस्त्यात जो कुणी स्वतःहून 'या, बसा, स्वस्तात' म्हणत येईल त्याच्यामागे जायचं नाही. चांगल्या बारला रस्त्यावर उभं राहून माणसं ओढावी लागत नाहीत. गोल्डन गाई काबुकिचोच्या, म्हणजे शिंजुकूतल्या बार-क्लबांच्या वस्तीच्या कडेला आहे आणि काबुकिचोत असे दलाल इतके, की त्यांच्यामागे जाऊ नका असं लाउडस्पीकरवरून सतत ओरडून सांगत असतात. बिल लाखाच्या घरात जाण्याचे किस्से त्यांच्याच बारमधले. ग्लासात काहीतरी मिसळण्याचे प्रकारही काबुकिचो आणि रोप्पोंगीत झालेत, अमेरिकन वकिलातीने आपल्या लोकांना त्यावरून सावध केलंय. ग्लास सोडून टॉयलेटला गेलीस तर परतल्यावर तो पिऊ नकोस, नवा माग. सहा स्टुलांच्या बारमध्ये याची फारशी गरज पडत नाही, पण सवय चांगली. बाकी रात्री अकराला ट्रेनमध्ये एकटी बाई ही इथे अगदी रोजची गोष्ट.

शिनागावा तुला सोपं आहे, शिंजुकूहून यामानोते लाइनने सरळ, वीस मिनिटं. शेवटची गाडी बारानंतर असते, पण तिच्या भरवशावर राहू नकोस. ती चुकली की पहिली गाडी साडेचार-पाचला. टॅक्सी रात्री दहा ते पाच 20 टक्के जास्त घेते, शिनागावापर्यंत चार-पाच हजार येन सहज. माझ्या घरापर्यंत तर याच्या दीडपट होतात, म्हणून आमच्याकडचे पाहुणे अकरालाच घड्याळ बघायला लागतात. तू साडेअकराला स्टेशनात हो. आणि ते स्टेशन म्हणजे दोनशे बाहेर पडायची दारं असलेला भुलभुलैया आहे, गल्लीपासून फलाटापर्यंत वीस मिनिटं धर.

गुरुवार घे. शुक्रवारी सहालाच ऑफिसची टोळकी कोट उतरवून बसलेली असतात, गाइडलाही जागा मिळवताना घाम फुटतो, आणि शेवटच्या गाडीत तुला पाय टेकवायला जागा नसते. गुरुवारी मालकाला बोलायलाही सवड असते. फक्त ट्रेनिंग साडेपाचला संपून शिंजुकूत सहाला पोचणं अवघड आहे, संध्याकाळची गर्दी आहे ती. साडेसहा-सातची बॅच आहे का विचार. नसेल तर मला इथेच मेसेज कर, गुरुवारी माझं ऑफिस शिंजुकूलाच असतं, पहिल्या बारपर्यंत मी सोडते.