फिशटँकचे पाणी दोन दिवसांत पुन्हा दुधाळ होते, मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. पाच आठवड्यांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असा फिशटँक घरी आणला. तळाशी बारीक खडी आहे, एका कोपऱ्यात एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आहे आणि प्रत्यक्षात पाणी साधारण 55 लिटर मावते. त्यात पाच गोल्डफिश सोडले होते. त्यांपैकी एक गेल्या सोमवारी दगावला, म्हणून आता थांबून नीट विचारावे असे ठरवले.

अडचण अशी आहे की टाकी पूर्ण रिकामी करून, खडी नळाखाली धुऊन, काचा पुसून नवे पाणी भरले की पहिला दिवस सगळे लख्ख दिसते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्यावर धुक्यासारखी पांढरट झाक येते आणि चौथ्या दिवशी पलीकडच्या काचेला चिकटवलेले चित्रसुद्धा धूसर होते. रंकाळ्याला शेवाळामुळे येते तशी हिरवट छटा या पाण्याला अजिबात नाही. खडीच्या फटींत मात्र विष्ठा आणि खाण्याचे फुगलेले दाणे साचलेले दिसतात, आणि एखादा मासा तळाशी तोंड घालून खडी उचलू लागला की तो सगळा गाळ वर उधळतो.

आधी मला वाटले की पावसाळ्यात नळालाच गढूळ पाणी येते, त्याचा हा परिणाम असावा. म्हणून टाकीतले एक ग्लास पाणी आणि बादलीत भरून ठेवलेले नळाचे एक ग्लास पाणी रात्रभर ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. सकाळी नळाच्या पाण्यात तळाला मातीचा अगदी पुसट थर होता आणि वरचे पाणी स्वच्छ होते. टाकीच्या ग्लासात तपकिरी गाळ खाली बसला होता, पण वरचे पाणी तसेच दुधाळ राहिले होते. बाजूने टॉर्च धरल्यावर त्यात वेगळे कण दिसेनात, सगळे पाणीच एकसारखे पांढुरके उजळले. म्हणजे गाळ ही एक गोष्ट आणि हा पांढरेपणा ही दुसरी, असे मला वाटते. हे बरोबर आहे का?

स्पंज मी दर तीन दिवसांनी नळाखाली साबण न लावता, पाणी निवळ येईपर्यंत पिळून धुते. खाणे सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकी एक चिमूट घालतो. शिवाय मुलगी शाळेतून आल्यावर थोडे घालते, हे मला अलीकडेच कळले. पंपाची घरघर होते आणि सासऱ्यांची झोप मोडते, म्हणून रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे बाहेर जाणे थांबले आहे आणि दिवसातले दोन-तीन तास ते टाकीसमोर बसलेले असतात. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात हे त्यांनीच प्रथम पाहिले. पूर्वी पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवून पाणी निवळत असत, तसे टाकीत करावे असे ते सुचवतात. मला धीर होत नाही. तुरटी चालेल का, आणि मासे बाहेर न काढता तळाचा गाळ कसा काढावा, हे कृपया सांगावे.

उत्तर

ताई, तुमची ग्लासची परीक्षा योग्य आहे आणि निष्कर्षही बरोबर आहे. तो पांढरेपणा म्हणजे पाण्यात मोकळे वाढलेले जिवाणू. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजून जे पाण्यात विरघळते, त्यावर ते पोसतात आणि पाण्यातला प्राणवायू खातात. त्यात रात्री पंप बंद, म्हणून पहाटे मासे वर येतात. सर्वांत आधी पंप चोवीस तास चालू ठेवा. घडी घातलेल्या जाड कापडावर आणि पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवलात की घरघर बरीच कमी होईल आणि वीज गेली तरी नळीतून पाणी पंपात उलटे येणार नाही.

दुसरी गोष्ट स्पंजची, आणि माझ्या मते खरे कारण इथे आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या घाणीतून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी आहेत, नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य. हे उपयोगी जिवाणू स्पंजवर आणि खडीवर चिकटून वाढतात आणि त्यांची वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर तीन दिवसांनी क्लोरीनच्या पाण्याखाली ती धुऊन टाकत आहात, म्हणून टाकी पाच आठवड्यांनंतरही पहिल्याच दिवशी उभी आहे. स्पंज पंधरा दिवसांतून एकदा, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा दाबा. तो तपकिरीच राहिला पाहिजे.

गाळ काढण्यासाठी पारदर्शक नळीला प्लास्टिकच्या लहान बाटलीचा वरचा भाग, रुंद तोंड खाली येईल असा बसवा. टाकीपेक्षा खाली ठेवलेल्या बादलीत नळीचे दुसरे टोक सोडून पाण्याचा ओघ सुरू करा आणि बाटलीचे तोंड खडीत रोवा. खडी थोडी उचलली जाऊन परत खाली बसते, घाण मात्र नळीतून निघून जाते. एका वेळी 12 ते 14 लिटरच काढा. उरलेली खडी पुढच्या वेळी. सध्या हे दोन दिवसांआड करा, नंतर आठवड्यातून एकदा. भरायचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवा किंवा त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाका.

तुरटी नको. तिने गाळ खाली बसतो, पण पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) एकदम घसरू शकतो आणि ॲल्युमिनियमचा कल्ल्यांना त्रास होतो. गोल्डफिशला जठर नसते, खाल्लेले लवकर बाहेर पडते, त्यामुळे दोन दिवस उपास आणि नंतर दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतके खाणे द्या. चार गोल्डफिशना 55 लिटर फारच कमी आहे, हेही स्पष्ट सांगायला हवे.

धागाकर्तीचे निवेदन, तेविसाव्या दिवशी

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. पंप खिडकीच्या उंच कट्ट्यावर जुन्या चादरीच्या घडीवर ठेवला आहे आणि सासरे म्हणतात की आता आवाज जाणवत नाही. पहिले आठ दिवस पांढरेपणा होता तसाच होता, आणि टाकी रिकामी करण्याचा मोह दोनदा आवरावा लागला. बाराव्या दिवसापासून तो विरळ होत गेला आणि आज पलीकडच्या काचेवरच्या चित्रातली अक्षरे वाचता येतात. चाचणीच्या थेंबांनी अमोनिया आता शून्य दाखवतो, नायट्राइटच्या नळीत मात्र अजून फिकट गुलाबी रंग येतो, म्हणून दोन दिवसांआड पाणी बदलणे सुरूच ठेवले आहे. पहिल्यांदा नळी लावली तेव्हा बादलीत जो काळपट गाळ उतरला, तो पाहून मुलीने खाण्याचा डबा स्वतःहून माझ्याकडे आणून दिला. आता तीच रोज सकाळी मोजून सोळा दाणे घालते.

गौरी-गणपतीनंतर तीन फुटी टाकी घेण्याचे नक्की केले आहे. त्यात दीडशे लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन दीडशे किलो होईल, म्हणून लाकडी टेबलाऐवजी लोखंडी स्टँड बनवायला दिला आहे. जुना स्पंज न पिळता, ओला असतानाच नव्या टाकीत हलवणार आहे.