पोटुशी आणि उपाशी : गरोदरपणातल्या उपवासांचे अनुभव

आषाढी जवळ आली. माझ्या भाचीला पाचवा महिना लागलाय आणि तिने उपवास करावा की नाही, यावर घरात तीन पिढ्यांची तीन मतं. ती बिचारी खिचडीची ताटली हातात धरून बसलेली. म्हणून विचारते, तुम्ही दिवस गेलेले असताना उपवास केलेत का? सोडलेत तर घरात काय झालं? आणि ताटात काय होतं तेही लिहा. 'डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं' एवढ्यावर सुटका नाही!

आधी माझं सांगते. सातव्या महिन्यातली संकष्टी. सकाळी वाटीभर खिचडी, दुपारी दोनदा चहा, मग बटाट्याचे वेफर्स. चंद्र उगवायला सव्वानऊ झाले. एकवीस मोदकांपैकी चौदावा वळताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ओट्याला धरून खालीच बसले. दुसऱ्या दिवशी लघवीच्या तपासणीत कीटोन निघाले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एरवी आपण बारा तास उपाशी राहिलो तर शरीर निभावून नेतं, पण गरोदरपणी रक्तातली साखर फार लवकर उतरते आणि शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन निघतात ते त्यातूनच. बाळ तर चोवीस तास जेवत असतं, चंद्रोदयाची वाट बघत नाही. तेव्हापासून संकष्टीला सूर्य मावळायच्या आत जेवले. गणपती रागावला नाही.

पुण्याहून, पहिलंच बाळ

माझी २६व्या आठवड्यातली साखरेची तपासणी, तीच ती ७५ ग्रॅम ग्लुकोज ढोसायची. दोन तासांनी १६८ आली, हवी होती १४०च्या आत. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, उपवासाला काय खाता? मी जरा फुशारकीनेच म्हटलं, "अगदी हलकं, साबुदाणा." त्या हसल्या. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च, खिचडीत प्रथिनं असतात ती शेंगदाण्याच्या कुटाची. आणि आमच्याकडे कूट चवीपुरतं!

घरी यंत्र आणलं आणि बोट टोचून बघितलं. खिचडीनंतर तासाभराने १८१. पुढच्या सोमवारी अर्धी वाटी वरी, दाट शेंगदाण्याची आमटी, काकडीची दह्यातली कोशिंबीर असं खाल्लं, तर १३६. उपवास तोच, सोमवारही तोच. राजगिऱ्याची भाकरी थापायला मात्र चार भाकऱ्या मोडाव्या लागल्या. गरम पाण्यात उकड काढा, उकडलेला बटाटा मळून घाला, मग नाही मोडत.

नागपूर

साबुदाण्याला इतकं झोडपू नका हो. पहिले तीन महिने मला पाणीसुद्धा ठरत नव्हतं. वरणाच्या फोडणीचा वास आला की मोरीकडे धाव. तेव्हा आईने केलेली साबुदाण्याची पातळ लापशी तेवढी पोटात राहायची. ज्याचा त्याचा वेळ असतो.

अंगणवाडी सेविका, मराठवाडा

मला ताटापेक्षा गोळीबद्दल लिहायचंय. आमच्याकडे रक्तवाढीची गोळी १८० दिवस द्यायची असते, रोज एक. एका पोरीचं हिमोग्लोबिन ८.४ वर अडकलेलं. गरोदर बाईचं ११ पाहिजे. विचारलं की म्हणायची, घेते की ताई. पाकिटं मोजली तर शिल्लक भरपूर. मग हळूच म्हणाली, "उपासाला गोळी चालत नाही, सासूबाई म्हणतात."

कॅलेंडर काढून दोघी बसलो. सोमवार, गुरुवार, दोन एकादशा, चतुर्थी. महिन्याचे अकरा दिवस! सहा महिन्यांत ६६ गोळ्या देवाच्या नावावर बुडाल्या असत्या. ओरडून उपयोग नव्हता. पुढच्या वेळी सासूलाच बोलावलं, मानाने बसवलं आणि विचारलं, मावशी, उपासाला तुमची बीपीची गोळी घेता का? "घेते की, ती औषध हाय." मग ही काय हाय? म्हातारी गप्प. दुसऱ्या दिवसापासून गोळी तीच सुनेच्या हातावर ठेवते, वर लिंबूपाणी. चहाबरोबर घेऊ देत नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही हे तिला पटलंय. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, हेही आता तीच दुसऱ्या बायांना सांगते.

आणि भगरीचं पीठ सुटं, जुनं आणू नका. शिवरात्रीला दर वर्षी कुठे ना कुठे विषबाधा होते, ती बहुतेक वेळा बुरशी लागलेल्या पिठाने. भगर निवडून, धुऊन घरीच दळा, लागेल तेवढीच.

रत्नागिरी

आमच्याकडे रमजान. गरोदर बाईला रोज्यातून सूट आहे, राहिलेले नंतर भरून काढता येतात, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी घरात सगळे सहरीला उठलेले असताना आपण सकाळी नऊला चहा-पाव खायचा म्हणजे चोरटं वाटायचं. मी चार रोजे धरले. पाचव्या दिवशी दुपारी बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटली. डॉक्टरांकडे गेलो, सगळं ठीक निघालं. पण दादीने त्यानंतर मला सगळ्यांसमोर, अंगणात, नाचणीची आंबील प्यायला बसवलं. चोरटेपणा गेला तो तिच्यामुळे.

एक सासू, सातारा

मी १९८४ साली आठव्या महिन्यात निर्जळी हरतालिका केली होती. कौतुक झालं, पाय मात्र रात्रभर वळत होते. ते मी कुणालाच सांगितलं नाही.

गेल्या वर्षी गरोदर सुनेवर तीच वेळ आली. तिच्या वतीने उपास मी धरला आणि तिला भाजी-भाकरी वाढली. जावा कुजबुजल्या, कुजबुजू देत. नवरात्राला ती ऐकेना, नऊ दिवस करणारच म्हणाली. मग अट घातली, दर दोन-अडीच तासांनी खायचं. राजगिऱ्याचा लाडू, दूध, खजूर, रताळं, ताक. तिच्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती मला साठीनंतर कळली. साध्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं आणि बाळाच्या मेंदूला ते लागतं. म्हणजे नऊ दिवस आम्ही पवित्र म्हणून तेच काढून घेत होतो.

तिसऱ्या माळेला ती ताकाचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. "आई, मीठ कुठलं घालू?" मी देवघराकडे पाठ केली आणि म्हटलं, रोजचंच घाल.