दोन डिस्कचा एनएएस घेऊ की आणखी एक साधा ड्राइव्ह?

जुळारी (सांगली)

नमस्कार मंडळी. गावभागात घरूनच डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, दोन प्रकाशकांची पुस्तकं, आणि गणपती उठले की दिवाळी अंकांची घाई. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणून इथलं नाव हे.

मशिनं दोन. एक विंडोज 10 चं, त्यावर कोरल, इनडिझाइन आणि बाकी सगळं. दुसरं विंडोज 7 चं म्हातारं. पेजमेकर 7 (पानं लावायचा जुना प्रोग्राम) आणि डोंगलवाले फॉन्ट (मशिनाला छोटी किल्ली खोचली तरच चालणारे) यांच्यासाठीच ते जिवंत ठेवलंय. दोन्ही मिळून माल 700 जीबीच्या आसपास. त्यात जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानंच निम्मी, शिवाय घरचे फोटो.

बॅकअप म्हणाल तर 2 टीबीचा एक एक्स्टर्नल ड्राइव्ह आहे. रविवारी लावतो, डी ड्राइव्ह सगळा उचलतो आणि त्यावर टाकतो, ‘रिप्लेस ऑल’. दुपारी लावलं तर रात्रीच्या जेवणापर्यंत चालतं. त्यातून दुसरी पंचाईत अशी की लेखकमंडळींचा मधूनच फोन येतो, ‘त्या प्रकरणाचं दोन प्रुफांपूर्वीचं रूपच बरं होतं हो.’ ते रूप कुठून आणणार? ड्राइव्हवर असतं ते शेवटचंच.

कॉम्प्युटरवाल्याने आता एनएएस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कांचा डबा, डोक्यात भरलाय. दोन डिस्क टाका, दोन्हीवर सारखंच लिहिलं जातं, एक गेली तरी दुसरी आहे, बॅकअपची कटकट मिटली म्हणतो. रिकाम्या डब्याचेच पैसे ऐकून बायको गप्प झाली, त्यात डिस्का वेगळ्या. पर्याय म्हणून तोच ड्राइव्ह राउटरच्या यूएसबीला लावून पाहिला. मोबाइलवर दिसतो, विंडोज 10 मध्ये काही केल्या दिसत नाही.

तर एनएएस घ्यावा का? राउटरचं काय करू? आणि जुनी रूपं राखून ठेवायला काही साधा मार्ग आहे का? घर नदीपासून लांब नाही, हेही लक्षात घेऊन सांगा. आयर्विन पुलावर 45 फुटांना धोक्याची पातळी धरतात, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या वर होतं.

सॅनहोजेकर

मॅक घ्या. टाइम मशीन 2007 पासून आहे, ड्राइव्ह लावला की विषय संपला.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सॅनहोजेकर, पेजमेकर 7 आणि डोंगल मॅकवर चालवून दाखवा, मग बोलू.

जुळारीभाऊ, एनएएस वाईट नाही, पण तुमच्या माणसाने दिलेलं कारण साफ चुकीचं आहे. दोन डिस्कांवर सारखंच लिहिणं म्हणजे रेड 1. एक डिस्क मेली तरी काम अडत नाही, त्याचा उपयोग तेवढाच. तुमच्या हातून फोल्डर उडाला तर तो त्याच क्षणी दोन्हींवरून उडतो. फाइल बिघडलेली सेव्ह झाली की दोन्हींवर बिघडलेलीच. चोर आला तर दोन्ही एकाच डब्यात घेऊन जाणार. डिस्का दोन असल्या तरी प्रत एकच.

पाण्याचं तर मला सांगायलाच नको. माझं दुरुस्तीचं दुकान आहे. 22 जुलै 2021 नंतर इथे लोकांनी मशिनं पोत्यातून आणली. बहुतेक ठिकाणी एकच कथा: सीपीयू टेबलाखाली, बॅकअपचा ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात, सगळं एकाच चिखलातून काढलेलं. बॅकअप रीतसर घेतलेला होता हो, रोजच्या रोज. ठेवलेला चुकीच्या जागी. (जाता जाता: डिस्क भिजलीच तर चालू करून बघू नका आणि ड्रायर तर अजिबात मारू नका. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून बारीक भोक असतं, गाळ तिथून आत जातो. तो आत वाळला की डेटा परत काढणाऱ्या लॅबवाल्यांचंही काम अवघड होतं. ओलसरच ठेवून, पिशवीत बंद करून त्यांच्याकडे पाठवायची.)

म्हणून माझं मत: आधी 2 टीबीचा आणखी एक साधा ड्राइव्ह घ्या. एक घरी, एक गावाबाहेर, महिन्याला अदलाबदल. घरचासुद्धा काम झालं की काढून ठेवायचा. चोवीस तास जोडलेला ड्राइव्ह विषाणूलाही जोडलेलाच असतो. खंडणीवाला विषाणू आत शिरला की ई, एफ, झेड, जे अक्षर दिसेल ते कुलूपबंद करतो.

आता वेळ. 700 जीबीला दुपार ते रात्र लागते म्हणजे ड्राइव्ह बहुधा पुढच्या काळ्या पोर्टला लावताय. ते यूएसबी 2, सेकंदाला 35 एमबीच्या वर फारसं जात नाही, गणित केलं तर साडेपाच तास येतात. मागे निळ्या जिभेचं पोर्ट आहे का बघा. असलं तर ड्राइव्हसोबत आलेल्या केबलनेच तिथे लावा. वेळ निम्म्याच्या खाली येईल. पण खरी गोष्ट अशी की दर रविवारी सगळं उचलायची गरजच नाही. फ्रीफाइलसिंक नावाचा फुकट प्रोग्राम आहे. डावीकडे डी ड्राइव्ह, उजवीकडे एक्स्टर्नल, प्रकार ‘मिरर’. पहिली वेळ सोडली तर बदललेल्याच फाइली जातात, दहा-पंधरा मिनिटांत आटपतं.

आणि तुमचं ‘दोन प्रुफांपूर्वीचं रूप’ त्यातच आहे. डिलीट झालेल्या किंवा बदललेल्या फाइलीचं काय करायचं, असं तो सेटिंगमध्ये विचारतो. तिथे ‘व्हर्जनिंग’ निवडा, वेगळा फोल्डर दाखवा, आणि तारीख फाइलीच्या नावात नको, फोल्डरच्या नावात घाला. जुनी प्रत पुसली न जाता त्या त्या तारखेच्या फोल्डरात जाऊन बसते. विंडोजची स्वतःची फाइल हिस्टरीही जुन्या प्रती ठेवते, मुळात तासातासाला. पण तिच्यात डी ड्राइव्ह आपण होऊन येत नाही, फोल्डर हाताने जोडावे लागतात. शिवाय ती प्रत्येक प्रतीच्या नावात तारीख-वेळ घुसवते. तिच्याच खिडकीतून परत आणलंत तर मूळ नाव मिळतं, पण घाईत ड्राइव्हवरून थेट उचललंत की पेजमेकर चित्रांच्या लिंका शोधत बसतो.

डीटीपीवाल्यांची खरी मेख पुढे आहे. नुसती .पीएमडी फाइल वाचवून काही हाती लागत नाही. मोठी चित्रं तिच्या आत नसतात, बाहेर जोडलेली असतात, तो फोल्डरही जायला हवा. आणि फॉन्ट. युनिकोडमधला मजकूर कुठल्याही देवनागरी फॉन्टने वाचता येतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी. म्हणजे फॉन्टच्या फाइली, त्यांचं इन्स्टॉलर, कीबोर्डचा लेआउट, सिरीयल नंबर, सगळं एका फोल्डरात घालून दोन्ही ड्राइव्हवर टाका. छपाईला गेलेली प्रत्येक पीडीएफ, फॉन्ट आत घेतलेली, वेगळी जपा. उद्या पेजमेकर कायमचा बसला तरी पुस्तक निदान वाचता-छापता येईल.

रात्रपाळी (पुणे)

वाशिष्ठीकाठ यांच्याशी नव्वद टक्के सहमत. उरलेल्या दहासाठी भांडतो. सर्व्हर सांभाळणं हीच माझी नोकरी.

हाताने लावायच्या ड्राइव्हचा बॅकअप माणसाच्या शिस्तीवर चालतो. दिवाळी अंकाच्या महिन्यात जुळारी कुठला रविवार पाळणार? नेमका त्याच महिन्यात माल सगळ्यात महाग. एनएएस रात्री दोनला आपोआप काम करतो, हा त्याचा खरा फायदा. रेड 1 च्या जुळ्या डिस्का सोडा, घ्यायचाच तर स्नॅपशॉट जमणारा घ्या. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाचं चित्र गोठवून ठेवणं. पीसीवरून आलेल्या विषाणूने शेअरमधल्या फाइली बिघडवल्या तरी आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट त्याला बदलता येत नाही, फक्त एनएएसचा ॲडमिन पासवर्ड त्याच पीसीवर सेव्ह केलेला नको. बॅकअपसाठी वेगळा युजर करा आणि ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून मॅप करून ठेवू नका.

पण पैसे मोजण्याआधी राउटरच्या मागची पोर्टं बघा. घरोघरचे स्वस्त राउटर अजून 100 एमबीपीएसचे आहेत. त्यातून सेकंदाला 11-12 एमबी सरकतात, तुमचे 700 जीबी सतरा-अठरा तास. गिगाबिट असेल तर 110 च्या आसपास, म्हणजे दोनेक तास. वायफायवरून पहिली मोठी प्रत घ्यायच्या भानगडीत पडू नका, एकदा वायर ओढा. एनएएसला यूपीएस हवाच, आणि यूपीएसची यूएसबी वायर एनएएसला जोडा. बॅटरी उतरत आली की तो स्वतः नीट बंद होतो.

राउटरला लावलेला ड्राइव्ह दिसत नाही त्याचं कारण बहुधा एसएमबी 1. जुने राउटर फाइल देण्याघेण्याची तीच जुनी भाषा बोलतात. विंडोज 10 मध्ये 2017 च्या शेवटच्या मोठ्या अपडेटनंतर ती मुळात घातलेलीच नसते. इंटरनेटवर कोणीतरी ‘हे फीचर चालू करा’ म्हणून सांगेल, करू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीवाल्या विषाणूने जगभर जो गोंधळ घातला तो याच दारातून. राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) नवीन मिळतंय का बघा, नसेल तर ड्राइव्ह काढून घ्या.

जुळारी (सांगली)

दोघांचे आभार. राउटरवरची पोर्टं 100 चीच निघाली, म्हणजे एनएएस घेतला की राउटर किंवा स्विचही आला. पीसीच्या मागे निळं पोर्ट मात्र आहे! इतकी वर्षं त्यावर धूळ बसली होती.

धाकटा भाऊ विट्याला असतो, तिकडे पाणी प्यायलाच मिळालं तर नशीब, पूर कसला. दुसरा ड्राइव्ह त्याच्याकडे ठेवता येईल. पण त्याची पोरं कशालाही हात लावतात, आणि ड्राइव्हवर प्रकाशकांची न छापलेली पुस्तकं असणार.

विंडोज 7 च्या मशिनाचं राहिलंच. ते एनएएसला जोडलं तर चालेल? आणि डोंगलचा बॅकअप कसा घेतात?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

डोंगलचा बॅकअप घेता येत नाही, तो हरवू नये म्हणून मशिनाला बांधून ठेवतात. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे, त्याने खरंच सुतळीने बांधलाय.

विंडोज 7 चं मशीन ना एनएएसला जोडा, ना इंटरनेटला. त्याला सुरक्षेचे अपडेट जानेवारी 2020 पासून बंद आहेत. (विंडोज 10 चेही नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले, त्याचाही विचार करा.) पेजमेकरच्या फाइली पेनड्राइव्हने विंडोज 10 वर आणा, तिथे विषाणूसाठी स्कॅन करा आणि डी ड्राइव्हवर टाका, म्हणजे बाकीच्यांसोबत त्याही जातील. शिवाय त्या मशिनाच्या आख्ख्या डिस्कची इमेज घ्या. कंट्रोल पॅनेलच्या बॅकअपमध्ये ‘सिस्टिम इमेज’ आहे, ती एक्स्टर्नलवर बनवा. नुसत्या फाइलींचा बॅकअप असला आणि मशीन गेलं, तर पेजमेकर, फॉन्ट, ड्रायव्हर हा सगळा संसार पुन्हा मांडावा लागतो. इमेज असली की दुसरी डिस्क लावायची आणि ओतायची.

विट्याच्या ड्राइव्हला पासवर्डचं कुलूप घालायला व्हेराक्रिप्ट वापरा, फुकट आहे. विंडोज 10 होम असेल तर विंडोजच्या स्वतःच्या बिटलॉकरने एक्स्टर्नल ड्राइव्हला कुलूप घालता येत नाही, प्रो असेल तर येतं. पासवर्ड कागदावर लिहून तुमच्या घरी वहिनींकडे द्या, ड्राइव्हच्या डबीत ठेवू नका.

रात्रपाळीसाहेबांचं स्नॅपशॉटचं म्हणणं मान्य. एनएएसची किंमत त्यासाठीच द्यावी, रेड 1 साठी नाही. पण क्रम माझाच ठेवा: दुसरा ड्राइव्ह या आठवड्यात, एनएएस दिवाळीनंतर.

रात्रपाळी (पुणे)

क्रम मान्य. एकच पुरवणी: विट्याहून ड्राइव्ह परत आला की अदलाबदल करण्याआधी त्यावरची एखादी जुनी पुस्तकाची फाइल उघडून पाहा, चित्रं आणि फॉन्टसकट. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हची तब्येत सांगणारा प्रोग्राम) लावून ‘पेंडिंग सेक्टर’, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे, शून्य आहेत ना ते बघा. शून्याच्या वर गेले आणि वाढतच असतील तर तो ड्राइव्ह बदला. अजून चालतोय, यावर जाऊ नका.

डोंगल यूएसबीचा आहे की प्रिंटर पोर्टचा?

जुळारी (सांगली)

प्रिंटर पोर्टचा. पंचवीस पिनांचा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मग ते पोर्ट असलेला मदरबोर्ड भंगारात दिसला तर उचलून ठेवा, तुमच्याच मॉडेलचा मिळाला तर उत्तमच. माझ्याकडे दोन-तीन पडलेत. बोर्डाचा मॉडेल नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जुळला तर कुरिअर करतो.