कापसाची बोंडं फुटत नाहीयेत, लवकर सांगा!

दिवेलागण: अकरा बोंडं आहेत, सगळी हिरवी. शुक्रवारी रात्री फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी आहे. काय करू? आईने आयुष्यभर स्वतः वळलेल्या वाती लावल्या. दिवाळीला ती इथे येतेय, एक तरी वात घरच्या कापसाची हवीच आहे मला.

पऱ्हाटीवाला: ताई, इथे म्हणजे कुठं? वाण कोणतं, टोकलं कधी, कुंडीत का जमिनीत?

दिवेलागण: मिशिगन. कुंडीत. बी इथूनच मागवलं, मेअखेर लावलं.

परसदार: उशीर झाला. मी शिकागोजवळ मार्चअखेर घरातच रुजवतो, कुंडीखाली हीटिंग मॅट. माती गार असली की सरकी कुजते. आणि कागदी कपातच लावा, सोटमूळ दुखावलं की झाडाची वाढ थांबते.

पऱ्हाटीवाला: ते पुढच्या वर्षीचं झालं. त्यांना शुक्रवार गाठायचा आहे.

कोकणकन्या: देवकापूस लावा हो! आमच्या विहिरीपाशी आहे, वर्षानुवर्षं टिकतो. वातींना तोच.

पऱ्हाटीवाला: बी कागदपत्रांशिवाय नेता येत नाही. शिवाय तो बहुतेक दिवस लहान झाल्यावरच फुलतो, तोवर तिकडं बर्फ.

कोकणकन्या: कुंडी घरात घेतली तर? खिडकीत ऊन असतं की.

पऱ्हाटीवाला: डिसेंबरात तिथलं ऊन पुरत नाही.

सांजवात: वाती वळताना बोटांना जरा भस्म लावा, पीळ सुटत नाही. दूधही चालतं.

पऱ्हाटीवाला: ताई, फुलं कधी आली? फुलापासून बोंड फुटायला ४५ ते ६० दिवस, गारठ्यात जास्तच. खालचं एक बोंड सुरीनं आडवं कापून बघा.

दिवेलागण: पहिली फुलं १० ऑगस्टच्या सुमारास. सकाळी पांढरट, दुसऱ्या दिवशी गुलाबी. बोंड कापलं: सुरी अडकत होती, ओले तंतू ताणले गेले, सरकीचं साल तपकिरी.

पऱ्हाटीवाला: मग खालची पिकलीत! पाणी बंद करा, कुंडी उबदार कोरड्या जागी घ्या. जमत नसेल तर झाड उपटून उलटं टांगा. शेंड्याची सप्टेंबरातली कोवळी आहेत, त्यांची आशा सोडा.

परसदार: युरिया दिला होता का? पाला माजतो आणि बोंडं मागं पडतात.

दिवेलागण: हो, जुलैत दोनदा. कुंडी हलेना, म्हणून झाड उपटून फर्नेसच्या (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या) खोलीत टांगलंय.

दिवेलागण: पाचवा दिवस. सगळ्यात खालच्या बोंडाला शिवणीवर चीर गेलीय, आत पांढरं दिसतंय.

सांजवात: घाईने ओढू नका, पूर्ण उमलू दे.