प्रतिसाद: शिक्षा वाढली, पण मार्ग बंद झालेला नाही

भाऊ, तुमच्या मेहुण्याची शिक्षा नागपूर खंडपीठाने पाचाची सात वर्षं केली आणि 'आता काहीच होत नाही' असं वर कोणीतरी लिहिलंय. कृपया तेवढ्यावर थांबू नका.

आधी एकच गोष्ट पाहा: वाढ कोणाच्या अर्जावर झाली? अपील फक्त आरोपीचं असेल, तर त्यात शिक्षा वाढवता येत नाही. स्वतः दाद मागणाऱ्याला आधीपेक्षा वाईट अवस्थेत ढकलायचं नाही, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 386 मध्येच होतं, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 427 मध्ये आहे. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं.

शिक्षा कमी पडली म्हणून अपील करायचा अधिकार सरकारचा (जुनं कलम 377, आता 418). फिर्यादीला त्यासाठी अपील करता येत नाही. पण सरकारचं अपील असलं तरी आरोपीला नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, आणि त्याच सुनावणीत तो निर्दोष सुटकाही मागू शकतो. ही संधी खरोखर मिळाली का, हे निकालाच्या प्रतीत शोधा. माझ्या मते तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच सापडेल.

पुढे विशेष अनुमती याचिका, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची परवानगी मागणारा अर्ज; मुदत निकालापासून साधारण 90 दिवस. तो कारागृहात असेल तर अधीक्षकांमार्फतही पाठवता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाच्या विधी सेवा उपसमितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळणं हा 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला हक्क आहे. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी आजच अर्ज टाका.