गोळी किडनीसाठी, मग तोंडातले फोड का भरत नाहीत?

अमळनेरची लेक
माझ्या अप्पांची किडनी बदललेली आहे. आधीची गोळी बदलून डॉक्टरांनी सिरोलिमस सुरू केलं. तेव्हापासून खालच्या ओठाच्या आत पांढरट फोड येतात, भोवती लाल कडा. ठेचा तर सोडाच, साधं वरणही झोंबतं. पायात बाभळीचा काटा मोडला होता, ती जखमही भरायचं नाव घेत नाही. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड वाढलेत. पत्रकात लिहिलंय की हे औषध ‘एमटॉर’ अडवतं. घरात कुणी मोबाइलवर वाचलं की प्रोटीन खाल्लं की एमटॉर चालू होतं आणि गोळी वाया जाते. झालं, अप्पांची उडीद घातलेल्या कळण्याची भाकरी बंद! हे खरं आहे का?

चोपड्याचा मास्तर
ताई, आधी भाकरीचं सांगतो. उडदातल्या प्रोटीनने गोळी वाया जात नाही. प्रोटीन किती खायचं हे अप्पांच्या किडनीचे रिपोर्ट पाहून डॉक्टर ठरवतील, पण या भीतीपायी ताटातली भाकरी काढू नका.

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो आणि हे प्रकरण मुलांना दरवर्षी मन लावून सांगतो. एमटॉर हे पेशीतलं एक प्रोटीन, पण ते एकटं काम करत नाही. रॅप्टर आणि आणखी काही प्रोटीन्स सोबत घेऊन त्याचा एक गट बनतो, एमटॉर कॉम्प्लेक्स १. पेशीने वाढायचं की थांबायचं हे बऱ्याच अंशी तो ठरवतो. आपल्याकडचा शेतकरी विहिरीचं पाणी, रोपं, मजूर सगळं जुळल्याशिवाय केळी लावत नाही, तसंच इथे आहे. ल्युसिन, आर्जिनिन ही अमिनो आम्लं पेशीत पुरेशी असली की रॅग नावाची प्रोटीन्स या गटाला लायसोसोम या पेशीतल्या पिशवीच्या पृष्ठभागावर आणतात. तिथे ऱ्हेब नावाचं प्रोटीन त्याला चालू करतं, पण इन्सुलिनसारखा वाढीचा निरोप आलेला असेल तरच. पेशीतली ऊर्जा घटली, की एएमपीके नावाचं एन्झाइम लगेच खीळ घालतं.

गट चालू झाला की रायबोसोम प्रोटीन बनवायला लागतात, चरबीही तयार होते, आणि पेशीतलं जुनं सामान मोडून वापरण्याचं काम, म्हणजे ऑटोफॅजी, थांबतं. सिरोलिमस पेशीत शिरून एफकेबीपी१२ या प्रोटीनला चिकटतं आणि ती जोडी थेट एमटॉरवर बसते. भाकरीचा निरोप येतो वरून, कुलूप लागलंय खाली.

नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर चालून जाणाऱ्या टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींना, दुप्पट होण्याआधी वाढावं लागतं. ती वाढ अडवायची म्हणून गोळी. पण एमटॉर ओठाच्या अस्तरातही आहे, काट्याच्या जखमेत नवी कातडी विणणाऱ्या पेशींतही आहे, चरबी साठवणाऱ्या पेशींतही. त्यामुळे फोड, न भरणारी जखम आणि ट्रायग्लिसराइड ही अप्पांची तीन वेगळी दुखणी नाहीत. तिन्ही त्याच एका कामाचे परिणाम आहेत. डॉक्टरांना तिन्ही एकत्र सांगा, मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. नवी किडनी गमवावी लागू शकते.

हे औषध सापडलं ईस्टर बेटाच्या मातीत. १९६४ च्या मोहिमेत तिथून नमुने आले, त्यातल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या एका जिवाणूने ते बनवलं होतं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून रापामायसिन; सिरोलिमस त्याचंच दुसरं नाव. शास्त्रज्ञ सुरेन सेहगल यांनी ते वेगळं काढलं, तेव्हा बुरशीवरचं औषध म्हणून बघत होते. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला यीस्टमध्ये टॉर जनुकं, म्हणजे एमटॉरच्या यीस्टमधल्या भावंडांची जनुकं, सापडली, आणि १९९९ मध्ये अमेरिकेत किडनी बदललेल्या रुग्णांसाठी औषधाला मान्यता मिळाली. मला यातलं यीस्ट फार आवडतं. ज्या गटावर अप्पांची गोळी चालते, तसाच गट पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही आहे!

भुसावळची फार्मासिस्ट
सरांच्या उत्तरात एक भर. भाकरीने नाही, पण तुपाने फरक पडतो. तूप निथळणारी बट्टी खाऊन गोळी घेतली तर औषध रक्तात जास्त उतरतं. जेवणासोबत घ्यायची तर रोज जेवणासोबत, नाहीतर रोज उपाशीपोटी. ग्रेपफ्रूटचा रस पूर्ण वर्ज्य. साखरही तपासत राहा. हे औषध दीर्घकाळ घेतलं की एमटॉरच्या दुसऱ्या गटावर, म्हणजे कॉम्प्लेक्स २ वरही परिणाम होतो आणि इन्सुलिनला पेशी नीट दाद देत नाहीत.

अमळनेरची लेक
दोघांचे मनापासून आभार. आज रात्री भाकरी करते. औषधाच्या लेव्हलसाठी रक्त द्यायला जायचंय, गोळी घेऊन जायचं का?

भुसावळची फार्मासिस्ट
नाही ताई, गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. गोळी सोबत न्या, रक्त दिलं की लगेच घेऊ द्या. आणि आदल्या दिवशी किती वाजता घेतली होती ते लॅबच्या चिठ्ठीवर लिहून घ्या.